जांभळा रंग आणि काळा साका

पालघर, बोईसर, मनोर, कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत क्षयरोगासाठी थुंकी तपासतात तेव्हा काचपट्टीवर आधी लाल रंग ओततात, खालून आच देतात, मग आम्लाने धुतात आणि शेवटी निळा रंग देतात. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर लाल बारीक काड्या दिसल्या की निदान झाले. तो लाल रंग फुक्सिनचा आणि निळा मिथिलीन ब्लूचा. दोन्ही रंग एकाच घराण्यातले. त्या घराण्याचे नाव अ‍ॅनिलिन.

हे घराणे बाजारात आणले ते अठरा वर्षांच्या एका मुलाने. त्याला रंग बनवायचा नव्हता. तो शोधत होता हिवतापाचे औषध. विल्यम हेन्री पर्किन हे त्याचे नाव शाळेच्या रसायनशास्त्रात एका ओळीत येते आणि विसरले जाते. आपल्या भागाने ते विसरू नये. सकाळी डहाणू लोकल वैतरणा खाडीचे पूल ओलांडून पुढे जाते, तेव्हा तिच्यातले बरेच जण बोईसरला उतरून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. तिथले रंगांचे आणि औषधांच्या कच्च्या मालाचे कारखाने ज्या रसायनशास्त्रावर उभे आहेत, त्याची पहिली वीट पर्किनने ठेवली. शिवाय त्याने गाळून बाजूला सारलेला एक काळा पदार्थ आज, दीडशेहून अधिक वर्षांनंतर, नव्याने शास्त्रज्ञांच्या टेबलावर आला आहे.

सुताराचा धाकटा मुलगा

पर्किनचा जन्म १२ मार्च १८३८ रोजी पूर्व लंडनमधल्या शॅडवेल या वस्तीत झाला. गोदीजवळचा हा कष्टकऱ्यांचा भाग. वडील जॉर्ज पर्किन सुतारकाम करत आणि बांधकामाची कंत्राटे घेत. सात भावंडांत विल्यम सर्वांत धाकटा. मुलाने वास्तुरचनाकार व्हावे अशी वडिलांची इच्छा होती.

शाळेत टॉमस हॉल नावाचे शिक्षक होते. विज्ञान तेव्हा अभ्यासक्रमात फारसे नसे, म्हणून हॉलसाहेब जेवणाच्या सुट्टीत रसायनशास्त्राचे प्रयोग दाखवत. पर्किन जेवण सोडून तिथे बसे. मायकेल फॅरडे यांची व्याख्यानेही तो ऐकून आला. अखेर वडिलांनी आग्रह सोडला आणि १८५३ मध्ये, पंधराव्या वर्षी, तो रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत दाखल झाला. तिथले प्रमुख होते ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन, जर्मनीहून आलेले नामवंत रसायनशास्त्रज्ञ.

हॉफमन यांचा आवडता विषय होता कोळशाचे डांबर. त्या काळी लंडनच्या रस्त्यांवरचे दिवे कोळशापासून काढलेल्या वायूवर जळत. कोळसा बंद भट्टीत तापवला की वायू मिळे आणि मागे काळे, चिकट, उग्र वासाचे डांबर उरे. ते कुठे टाकावे हा वायू कंपन्यांपुढचा प्रश्न होता. हॉफमन आणि त्यांचे विद्यार्थी त्या डांबरातून बेंझीन, टोल्युइन, अ‍ॅनिलिन असे पदार्थ वेगळे करून तपासत होते.

अ‍ॅनिलिन हे नाव आपल्याला परके वाटते, पण त्याचे मूळ आपल्याच घरातले आहे. संस्कृतमधली नीली अरबीत गेली, तिथून पोर्तुगीज भाषेत अनिल झाली. नीळ तापवून तिच्यातून तेलकट द्रव काढणाऱ्या फ्रित्शे या शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास त्या द्रवाला अ‍ॅनिलिन हे नाव दिले. नंतर लक्षात आले की डांबरात मिळणारा पदार्थही तोच आहे.

क्विनाइनच्या शोधात

हिवतापावर तेव्हा एकच खात्रीचे औषध होते, सिंकोना झाडाच्या सालीतून मिळणारे क्विनाइन. ही झाडे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातली. भारतात आणि इतर वसाहतींत इंग्रजांची फौज तापाने आजारी पडे आणि क्विनाइनवर मोठा खर्च होई. हिवताप डासांमुळे पसरतो हे कळायला अजून चाळीस वर्षे होती. क्विनाइन प्रयोगशाळेत तयार करता आले तर किती बरे होईल, असा विचार हॉफमन यांनी बोलून दाखवला होता. पर्किनने तो मनावर घेतला.

१८५६ ची ईस्टरची सुट्टी. हॉफमन जर्मनीला गेलेले. पर्किनने घराच्या वरच्या मजल्यावर लहानशी प्रयोगशाळा थाटली होती, तिथे तो कामाला लागला. त्याचा हिशेब साधा होता. क्विनाइनच्या एका रेणूत कोणती मूलद्रव्ये किती आहेत हे माहीत होते. डांबरापासून मिळणाऱ्या अ‍ॅलिलटोल्युइडिन या पदार्थाचे दोन रेणू घेतले, त्यात ऑक्सिजन घातला आणि पाणी वजा केले, तर बेरीज बरोबर क्विनाइनची येते. कागदावर गणित सुटत होते.

आज आपल्याला माहीत आहे की असे होऊ शकत नव्हते. दोन घरांना सारख्याच विटा लागल्या म्हणून दोन्ही घरे सारखी होत नाहीत. अणू एकमेकांना कसे जोडलेले आहेत हे महत्त्वाचे, आणि १८५६ मध्ये साध्या बेंझीनची रचनाही कोणाला ठाऊक नव्हती. पर्किनला मिळाला तांबूस-तपकिरी गाळ.

इथे बहुतेकांनी चंचुपात्र धुऊन टाकले असते. पर्किनने मात्र विचार केला की हीच क्रिया त्याहून साध्या पदार्थावर करून पाहावी, म्हणजे नेमके काय होते ते कळेल. त्याने अ‍ॅनिलिन घेतले आणि त्यावर पोटॅशियम डायक्रोमेटची क्रिया केली. या वेळी तळाशी बसला काळाकुट्ट साका. तो वाळवून त्याने अल्कोहोलमध्ये घातला तर अल्कोहोल सुंदर जांभळे झाले. रेशमाच्या तुकड्यावर तो रंग चढवला; धुतल्यावर गेला नाही, उन्हात ठेवला तरी विटला नाही.

यात नशिबाचाही भाग होता. त्याचे अ‍ॅनिलिन शुद्ध नव्हते. त्यात टोल्युइडिन मिसळलेले होते, आणि हा जांभळा रंग तयार व्हायला ते टोल्युइडिन लागतेच. अगदी शुद्ध अ‍ॅनिलिन हाती असते तर पर्किनला फक्त काळा साका मिळाला असता.

वडिलांची शिल्लक आणि गावाबाहेरचा कारखाना

रंगाचा नमुना स्कॉटलंडमधल्या पर्थ गावच्या पुलर या रंगाऱ्यांच्या पेढीकडे गेला. महाग नसेल तर हा रंग फार उपयोगाचा ठरेल, अशा आशयाचे उत्तर आले. २६ ऑगस्ट १८५६ रोजी पर्किनने पेटंट घेतले. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याने महाविद्यालय सोडायचे ठरवले. हॉफमन नाराज झाले. हुशार विद्यार्थी शुद्ध विज्ञान सोडून धंद्यात जातो याचे त्यांना वाईट वाटले.

वडिलांनी आयुष्यभराची शिल्लक या उद्योगात घातली. थोरला भाऊ टॉमस भागीदार झाला. १८५७ मध्ये लंडनबाहेर ग्रीनफर्ड इथे कालव्याच्या काठी कारखान्याचे बांधकाम सुरू झाले आणि वर्ष संपायच्या आत रंग बाहेर पडला. या मंडळींनी त्याआधी रासायनिक कारखाना आतून पाहिलेलासुद्धा नव्हता.

अडचणी पुष्कळ होत्या. अ‍ॅनिलिन बाजारात मिळत नसे. डांबरातून बेंझीन काढायचे, नायट्रिक आम्लाने त्याचे नायट्रोबेंझीन करायचे, मग लोखंडाचा कीस आणि अ‍ॅसेटिक आम्ल वापरून त्याचे अ‍ॅनिलिन करायचे. यातली नायट्रोबेंझीनची पायरी स्फोटाच्या भीतीची, आणि ती मोठ्या लोखंडी पात्रात करायची रीत या तरुणांनाच शोधून काढावी लागली. रेशमावर रंग सहज बसे, सुतावर बसत नसे. त्यासाठी टॅनिनचा रंगबंधक वापरण्याची पद्धत बसवावी लागली. उत्पन्नही तुटपुंजे. साक्यातून जांभळा रंग निघे तो शंभरात जेमतेम पाच भाग.

तरीही धंदा चालला, कारण काळ अनुकूल होता. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिला फिकट जांभळा रंग प्रिय होता. जानेवारी १८५८ मध्ये मुलीच्या लग्नात व्हिक्टोरिया राणी त्याच छटेची मखमल नेसून आली. फ्रेंच भाषेतल्या एका फुलाच्या नावावरून रंगाला मॉव्ह हे नाव पडले आणि लंडनमधले निम्मे रस्ते जांभळे दिसू लागले. त्याआधी असा रंग म्हणजे श्रीमंतांची मिरास. आता गिरणीत काम करणाऱ्या मुलीलाही जांभळी फीत घेता येऊ लागली.

ग्रीनफर्डच्या कालव्याचे पाणी कारखान्यात त्या आठवड्यात जो रंग चालू असेल त्या रंगाचे दिसे, असे सांगतात. तेव्हा लोकांना त्याचे कौतुक वाटे.

मंजिष्ठा, नीळ आणि निवृत्ती

पर्किनच्या पाठोपाठ युरोपभर डांबरातून रंग काढण्याची चढाओढ लागली. फुक्सिन आले, निळे-हिरवे रंग आले. मॉव्हची हौस काही वर्षांत ओसरली. पर्किनने मग मंजिष्ठेच्या मुळांतून मिळणाऱ्या तांबड्या रंगाकडे, अ‍ॅलिझरिनकडे, लक्ष वळवले. जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमन यांनी १८६८ मध्ये तो प्रयोगशाळेत बनवला होता. स्वस्त रीतीचे पेटंट पर्किनने जून १८६९ मध्ये मागितले, पण त्याच रीतीसाठी जर्मनांचा अर्ज एक दिवस आधी पोहोचला होता. दोघांनी बाजार वाटून घेतला. मंजिष्ठेची शेती मात्र काही वर्षांत बुडाली.

हीच पाळी पुढे आपल्या निळीवर आली. १८९७ मध्ये जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. बिहारमधल्या निळीच्या मळ्यांचे भाव कोसळले, तो तोटा मळेवाल्यांनी कुळांच्या माथी मारला, आणि त्यातून पेटलेल्या असंतोषाची दखल घ्यायला १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले. लंडनच्या घरातल्या एका परीक्षानळीचा धागा इथपर्यंत येतो.

१८७४ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, पर्किनने कारखाना विकला आणि उरलेले आयुष्य संशोधनाला दिले. धंदा चालू असतानाही त्याने प्रयोगशाळा बंद केली नव्हती. ताज्या कापलेल्या गवतासारखा वास देणारे कुमारिन त्याने बनवले होते. सिनॅमिक आम्ल बनवण्याची त्याची रीत आजही पर्किन अभिक्रिया म्हणून महाविद्यालयात शिकवतात. त्याचे तीन मुलगेही रसायनशास्त्रज्ञ झाले.

रंगातून औषध

क्विनाइन पर्किनला मिळाले नाही. त्याच्या रंगांनी औषधशास्त्राला जे दिले ते मात्र क्विनाइनपेक्षा थोडके नव्हते.

रंग कापडाला चिकटतो तसा पेशींनाही चिकटतो, आणि सगळ्या पेशींना सारखा चिकटत नाही. या एका निरीक्षणावर सूक्ष्मजीवशास्त्राचा मोठा भाग उभा आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला तो मिथिलीन ब्लू वापरून. पॉल अर्लिक यांनी पुढचा प्रश्न विचारला: रंग जर जंतूला ओळखून चिकटतो, तर तोच रंग जंतूला मारू शकेल का? १८९१ मध्ये त्यांनी आणि गुटमन यांनी हिवतापाच्या रुग्णांना मिथिलीन ब्लू देऊन पाहिले आणि गुण आला. क्विनाइनच्या शोधातून जन्मलेल्या घराण्यातला रंग पस्तीस वर्षांनी हिवतापावरच वापरला गेला. तापावरचे अ‍ॅसिटॅनिलाइड १८८६ मध्ये आले, तेही अ‍ॅनिलिनपासूनच. त्याच्याच पिढीतून पुढे पॅरासिटामॉल आले.

१९०६ मध्ये मॉव्हच्या शोधाला पन्नास वर्षे झाली. पर्किनला सर हा किताब मिळाला, अमेरिकेत त्याच्या नावाचे पदक सुरू झाले आणि पहिले पदक त्यालाच देण्यात आले. पुढच्याच वर्षी, १४ जुलै १९०७ रोजी, त्याचे निधन झाले. आंत्रपुच्छ फुटले, त्यात न्यूमोनिया झाला. जंतुसंसर्गावर तेव्हा औषध नव्हते. सल्फा गटातले पहिले औषध, प्राँटोसिल, डॉक्टरांच्या हाती आले १९३५ मध्ये. तेही एक लाल रंगद्रव्य होते, याच घराण्यातले.

मुंबईमार्गे तारापूर

हे रसायनशास्त्र आपल्याकडे आले त्याची वाट मुंबईतून जाते. बडोद्याच्या कलाभवनात रंगकाम शिकवणारे आणि पुढे मुंबईत प्रयोगशाळा काढणारे त्रिभुवनदास गज्जर हे त्यातले आद्य पुरुष. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले. ते डाग निघेनात, तेव्हा ते काढून दाखवले गज्जर यांनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला, आजची माटुंग्याची आयसीटी. तिथे रंगरसायनाची परंपरा रुजवणारे के. वेंकटरामन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. अशा संस्थांतून शिकलेल्या पिढ्यांनी ठाणे, तारापूर, वापी या पट्ट्यातले कारखाने उभारले आणि चालवले.

गाळून उरले ते काय होते?

आता त्या काळ्या साक्याकडे वळू. पर्किनने त्यातून पाच भाग जांभळा रंग घेतला. अल्कोहोलमध्ये न विरघळणारा काळा पदार्थ मागे उरला. आजच्या समजुतीप्रमाणे त्यात मोठा वाटा होता तो अ‍ॅनिलिनच्या लांब साखळ्यांचा, म्हणजे पॉलिअ‍ॅनिलिनसारख्या पदार्थाचा. अनेक सुटे रेणू माळेतल्या मण्यांसारखे जोडले गेले की पॉलिमर होतो. पर्किनच्या चंचुपात्रात नकळत एक पॉलिमर तयार झाला होता.

योगायोग असा की पर्किनच्या घरापासून जवळच, व्हाइटचॅपलच्या लंडन हॉस्पिटलच्या महाविद्यालयात हेन्री लेथबी हे डॉक्टर रसायनशास्त्र शिकवत. विषबाधेच्या तपासणीत त्यांना नायट्रोबेंझीन आणि अ‍ॅनिलिनशी काम पडे. १८६२ मध्ये त्यांनी अ‍ॅनिलिनच्या आम्लयुक्त द्रावणातून वीज सोडली, तर प्लॅटिनमच्या पट्टीवर निळसर-हिरवा थर जमला. आम्ल काढले की त्याचा रंग पालटे. हा पॉलिअ‍ॅनिलिनचाच थर होता. पुढच्याच वर्षी लाइटफूट नावाच्या रंगाऱ्याने सुती कापडावर हाच पदार्थ तयार करून पक्का काळा रंग मिळवला. काळ्या छत्र्यांच्या कापडाला तो अनेक दशके पुरला.

हा काळा-हिरवा पदार्थ विजेचा वाहक आहे हे महत्त्वाचे वाटायला शंभरावर वर्षे गेली. प्लॅस्टिक म्हणजे वीज अडवणारे, अशीच समजूत होती. १९७७ मध्ये हिदेकी शिराकावा, अ‍ॅलन मॅकडायर्मिड आणि अ‍ॅलन हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीन या पॉलिमरमधून वीज उत्तम वाहू शकते हे दाखवले. २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. मॅकडायर्मिड यांनी पुढे जुन्या पॉलिअ‍ॅनिलिनला हात घातला. आम्ल मिळाले की ते हिरवे आणि वाहक होते, आम्ल काढून घेतले की निळे आणि जवळजवळ अवाहक. तांब्यापुढे त्याची वाहकता किरकोळ, पण साध्या प्लॅस्टिकच्या अब्जावधी पट.

गेल्या पंचवीस वर्षांतली नवी गोष्ट म्हणजे या पॉलिमरचे अतिसूक्ष्म धागे. धागे म्हटले की सूत काढण्याचे यंत्र डोळ्यांपुढे येते. इथे यंत्र नाही. योग्य परिस्थिती दिली की रेणू आपापसांतल्या ओढीने स्वतःच धाग्यात रचले जातात. यालाच स्वयंरचना म्हणतात. आपल्या शरीराला ही कला अवगत आहे: त्वचेला आणि हाडांना बळकटी देणारे कोलॅजेनचे धागे पेशीच्या बाहेर असेच आपोआप रचले जातात.

पॉलिअ‍ॅनिलिनच्या बाबतीत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेत रिचर्ड केनर आणि जियाशिंग हुआंग यांनी २००३-०४ च्या सुमारास फार सोप्या रीती दाखवल्या. साखळ्या सुरुवातीला बारीक धाग्यांच्याच रूपात जन्माला येतात. पण अ‍ॅनिलिन आणि ऑक्सिजन देणारे रसायन हळूहळू मिसळत राहिले, ढवळत राहिले, तर त्याच धाग्यांवर नवे थर चढतात आणि सगळ्याचे ढेकूळ होते. म्हणून दोन्ही द्रावणे एकदम, भरकन एकत्र करायची आणि मग भांडे हलवायचे नाही. कच्चा माल सगळीकडे एकाच वेळी संपतो, थर चढायला काही उरत नाही, धागे धागेच राहतात. दही लागताना भांडे हलवू नये हे घराघरांत माहीत आहे; इथेही स्वस्थ बसण्यातच कौशल्य. दुसरी रीत म्हणजे तेल आणि पाण्यासारखे न मिसळणारे दोन थर घ्यायचे, एकात अ‍ॅनिलिन, दुसऱ्यात आम्ल व ऑक्सिजन देणारे रसायन. जिथे थर भेटतात तिथे धागे जन्मतात आणि पाण्यात उतरतात.

हे धागे सुमारे ३० ते ५० नॅनोमीटर जाडीचे. आपला केस त्यांच्यापेक्षा सुमारे दोन हजार पट जाड. इतक्या बारीक धाग्यांच्या जाळीत वायू चटकन शिरतो. अमोनिया लागला की धाग्यातले आम्ल निघून जाते, वाहकता पडते, आणि साध्या मीटरवर ते कळते. बर्फाच्या कारखान्यातली अमोनियाची गळती, सातपाटीहून निघालेला पापलेट शिळा होऊ लागल्यावर सुटणारे वायू, मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या श्वासातला अमोनिया, असे काय काय ओळखता येईल यावर जगभर काम चालू आहे. पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या संशोधकांनीही पॉलिअ‍ॅनिलिनवर पुष्कळ काम केले आहे. रुग्णालयाच्या खाटेपाशी ही साधने अजून नित्याची झालेली नाहीत. ज्या पदार्थाला पर्किनने उरलेला साका मानले त्यात किती काय दडले होते, एवढे मात्र स्पष्ट झाले आहे.

निळे ओठ

रंग असो, औषध असो की नॅनोधागा, सुरुवात अ‍ॅनिलिनच्या पिंपापासून होते. आणि ते पिंप हाताळणारा माणूस असतो. पर्किनच्या चरित्रात त्याची गोष्ट येत नाही, म्हणून ती इथे सांगितली पाहिजे.

अ‍ॅनिलिन आणि त्याच्या कुळातली अनेक रसायने श्वासातून जातात तशी कातडीतूनही शरीरात शिरतात. कपड्यावर सांडले आणि कपडा अंगावर तसाच राहिला, तरी पुरते. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहावर त्यांचा परिणाम होतो आणि ते हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासे होते. ओठ, नखे निळी-करडी पडतात, डोके दुखते, चक्कर येते, धाप लागते. रक्त काढले तर चॉकलेटसारखे तपकिरी दिसते. प्राणवायू लावूनही निळेपणा हटत नाही, आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवा ठरतो. आजार वाढला तरी आकडा ८५ च्या आसपास अडकून राहतो.

यावर उतारा म्हणजे शिरेतून दिलेले मिथिलीन ब्लू. तेही अ‍ॅनिलिनच्याच घराण्यातले, हे लक्षात आले असेलच. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे औषध आहे. जीसिक्सपीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना ते अपायकारक ठरू शकते. कामगारांनी आणि मुकादमांनी लक्षात ठेवायचे ते इतकेच: सांडलेले कपडे लगेच उतरवा, अंग साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, दूध किंवा लिंबूपाणी पाजत बसू नका, रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्या आणि रसायनाचे नाव लिहिलेले लेबल किंवा त्याचा फोटो सोबत न्या. नाव कळले तर उपचाराची वाट निम्मी सोपी होते. थोडे बरे वाटले म्हणून घरी पाठवू नका. त्रास काही तासांनी वाढू शकतो.

दुसरा धोका सावकाश येणारा. १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी फुक्सिनच्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग दाखवून दिला. तेव्हा पर्किन हयात होता. पुढे कळले की मुख्य दोषी बेंझिडीन आणि नॅफ्थिलअमाइन यांसारखे पदार्थ. आपल्या देशात बेंझिडीनवर आधारलेल्या रंगांवर १९९० च्या दशकात बंदी आली. रंगाच्या कारखान्यात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला लघवीतून वेदनेशिवाय रक्त गेले, एकदाच गेले तरी, त्याने तपासणी टाळू नये. नोकरी सोडून वीस वर्षे झाली असली तरी डॉक्टरांना ती नोकरी सांगावी. वैद्यकीय नोंदीत व्यवसाय हा रकाना असतो तो यासाठीच, आणि आम्ही डॉक्टरांनीही तो कोरा सोडू नये.

तिसरा प्रश्न पाण्याचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात तारापूर ७२.०१ गुणांसह देशातल्या गंभीर प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत होते. २०१८ मध्ये गुण ९३.६९ झाले आणि तारापूर देशात सर्वांत वर गेले. नवापूर, मुरबे, दांडीच्या मच्छीमारांच्या तक्रारी जुन्या आहेत, आणि अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने त्यासाठी राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठावले. ग्रीनफर्डचा रंगीत कालवा ज्यांना गंमत वाटला, त्यांना त्या पाण्यात काय आहे हे ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहे.

पर्किनचे मोठेपण त्याच्या जांभळ्या रंगापेक्षा त्याच्या एका सवयीत होते. जे हवे होते ते मिळाले नाही, तेव्हा त्याने भांड्याच्या तळाशी काय उरले ते नीट पाहिले. नव्या नॅनोधाग्यांचे कारखाने उद्या याच पट्ट्यात उभे राहिले तर नवल नाही, आणि राहावेत. त्यांचा कच्चा माल मात्र तोच जुना असेल. धागा किती बारीक निघाला हे मोजताना पिंपाजवळ उभ्या असलेल्या कामगाराच्या ओठांचा रंग आणि सांडपाण्याच्या नळातून बाहेर पडणारा रंग, हे दोन्हीही रोज पाहिले गेले पाहिजेत.